लाइन ठेवायची

कारखान्याच्या वसाहतीत एक विनोद सगळ्यांना पाठ होता: सोमलिंग ऑपरेटरला फोन करायचा असेल तर आधी जेवून घ्यावं. बोलणं संपलं तरी तो माणूस फोन ठेवत नसे. "बरं मग," आपण म्हणावं. पलीकडून "हां, बरं" एवढंच येई आणि मग नुसता श्वास ऐकू येत राही. आपण रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत ते कानाला लावून बसलेले असत. ऑफिस सुपरिंटेंडेंट नानासाहेब एकदा वैतागून ओरडले होते, "अरे ठेव की सोमलिंग! फोन ठेवायला तुला मुहूर्त लागतो का?"

"तुम्ही ठेवा, साहेब. मग मी ठेवतो."

"आणि मी नाही ठेवला तर?"

"तर मी हाय की इथंच."

माझे वडील त्याच ऑफिसात ऊस विभागात कारकून होते. सोमलिंगकाकांचं घर आमच्या घराला लागून होतं, मधे एक मेंदीचं कुंपण. त्यांच्या या सवयीला आम्ही मुलंही हसायचो. ती सवय कुठून आली हे मला पुष्कळ नंतर कळलं, त्यांच्या बायकोकडून, शारदाकाकूंकडून. तोवर मी शिकायला बाहेर गेले होते, आणि घरी येणं सुट्टीपुरतंच उरलं होतं.

काका मूळचे उमरग्याच्या खालच्या अंगाचे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावचे. घरात कानडी, बाजारात मराठी, मोटारस्टँडवर दखनी उर्दू. या तीन भाषांमुळेच त्यांना बोर्डावर नोकरी मिळाली. दुष्काळाचं साल होतं, त्र्याहत्तर. कारखाना नुकताच उभा राहत होता. चिमणी अर्धीच बांधून झाली होती आणि भोवतीच्या रानात ऊस सोडा, हिरवं पान दिसत नव्हतं. माणसं खडी फोडायला जात होती. सोमलिंगकाकाही काही दिवस गेले. मग कुणीतरी सांगितलं, कारखान्यात टेलिफोनवर बसायला बहुभाषी माणूस हवा आहे.

बोर्ड म्हणजे एक लाकडी पेटी. पुढच्या बाजूला भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर एक छोटी झडप. कुठल्याही खोलीतून कुणी फोनचं हँडल फिरवलं की त्या खोलीची झडप खट् करून पडे. काका दोरीची पिन त्या भोकात घालत, विचारत, "बोला." मग दुसरी पिन दुसऱ्या भोकात. दोन माणसं जोडली जात. बाहेरगावी जायला मात्र एकच लाइन होती, उमरगा एक्स्चेंजची. ती मिळेपर्यंत काका सांगत, "लाइन ठेवा साहेब, देतो." लाइन ठेवा म्हणजे सोडू नका, धरून राहा. आणि बोलणं संपल्यावर पिन उपसत, त्याला ते म्हणत लाइन काढली. बोर्डावरच्या माणसांची ही बोली. फोन ठेवणं म्हणजे खाली ठेवणं, पण लाइन ठेवणं म्हणजे राखणं आणि लाइन काढणं म्हणजे तोडणं, असे त्यांचे साधे शब्द होते.

त्या साली गावात पाणी नव्हतं. काकांनी आपल्या आईला, अव्वाला, मोठ्या बहिणीकडे नेऊन सोडलं. बहीण शांताक्का हद्दीपलीकडे, बसवकल्याणच्या बाजूला दिलेली. तिच्या विहिरीला थोडा ओलावा होता. दोन जनावरं आणि अव्वा, सगळं एकाच बैलगाडीतून गेलं. वडील नव्हते. अक्कानंच काकांना कडेवर वाढवलेलं. ती त्यांना तम्मा म्हणे, धाकटा भाऊ.

नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी बोर्डावर बाहेरची झडप पडली. काकांनी पिन घातली. ट्रंक कॉल होता. खरखरीतून आवाज आला, "तम्मा?" अक्का बैलगाडीनं बसवकल्याणला येऊन पोस्टातून बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदाच फोनवर बोलत असल्यामुळे ती ओरडत होती. काकाही हसून ओरडले, "बोल अक्का!"

"बरा हाईस न्हवं? तम्मा, अव्वा म्हणतीया की—"

त्याच क्षणी चेअरमनच्या खोलीची झडप पडली. कलेक्टर कचेरीशी पाण्याच्या टँकरचं बोलणं करायचं होतं. सकाळपासून चेअरमन त्या कॉलसाठी बसून होते, आणि लाइन एकच. काका म्हणाले, "अक्का, फोन ठेवतो. साहेबांचा पाण्याचा कॉल हाय." आणि पिन उपसली. वाक्य अर्धंच राहिलं.

टँकर आले. बांधकामावरच्या माणसांना त्या आठवड्यात पाणी मिळालं. काकांना वाटलं होतं की अव्वा कडब्याचं विचारत असेल, नाहीतर लुगड्याचं. रजा मिळाली की जाऊ. रजा मिळायच्या आधी निरोप आला, आणि ते पोचले तेव्हा अव्वाला मातीआड करून झालं होतं.

अक्का रडली नाही, भांडली नाही. तिनं त्यांना पाणी दिलं, ताट वाढलं. त्यांनी विचारलं, "अक्का, अव्वा काय म्हणत व्हती?"

"अर्धं ऐकलंस न्हवं? ऱ्हाऊ दे मग अर्धंच."

नंतर त्यांनी कितीदा तरी विचारलं. पंचमीला जात, तिच्या लेकरांना अंगडं-टोपडं नेत. ती जेवू घाली. पण बोलायची ती भिंतीशी नाहीतर लेकरांशी. "मामाला विचार रे, अजून भाकर वाढू का." तम्मा हा शब्द तिनं टाकूनच दिला. एकदा फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "फोनवर तोडलंस. सांगीन तर फोनवरच सांगीन. जिथं तुटलं तिथंच जोडतेत." तिच्या गावात फोन नव्हता, आणि पुन्हा बसवकल्याणच्या पोस्टात जाऊन उभं राहायला ती तयार नव्हती. लोक हसले. काका हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी कुणाचीही लाइन आपण होऊन काढली नाही. "झालं का बोलणं?" असं विचारायचं, समोरच्यानं फोन ठेवल्याचा आवाज ऐकायचा, मगच पिनेला हात लावायचा.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. कारखान्याची चिमणी पुरी झाली, ती कधी पेटली, कधी उसाअभावी थंड राहिली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा दोन-तीन पावसाळे ओळीनं कोरडे गेले. ऊस गुडघ्याएवढाच राहिला, लोकांनी तो जनावरांना घातला. आणि नेमकं त्याच काळात कारखान्यात संगणक आला. कुणाच्या गावात किती ऊस उभा आहे आणि किती वाळला, याचे आकडे पुण्याला मोठ्या ऑफिसकडे रोजच्या रोज पोचले पाहिजेत, असं ठरलं होतं.

संगणक ठेवला त्या खोलीला पडदे लावले, चपला बाहेर काढायला सांगितलं. मशीन युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं. त्याच्या पाठीमागून एक जाड केबल निघे आणि लाल दिवे असलेल्या एका डब्याला, मोडेमला, जाई. तिथून पुढे तीच जुनी उमरगा एक्स्चेंजची एकुलती एक लाइन. आकडे टेलिफोनवरूनच जाणार होते, शिट्टीच्या रूपानं. नानासाहेबांनी एका वाक्यात निकाल लावला, "फोनचं काम आहे ना? मग सोमलिंगच बघेल."

पुण्याचा इंजिनिअर चार दिवस राहून शिकवून गेला. तरुण, गोरा, पाण्याची स्वतःची बाटली बाळगणारा. काकांना त्यानं ती केबल उघडून दाखवली. आत तारांचा पुंजका. बोलणं फक्त दोन तारांतून जातं, तो म्हणाला, एक जायची, एक यायची. बाकीच्या काही तारा बोलत नाहीत, नुसत्या खुणा करतात. एक सांगते, मी तयार आहे. एक सांगते, समोरचं माणूस आलं आहे. एक सांगते, जरा थांब. काकांना हे फार आवडलं. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "आपल्या बोर्डासारखंच हाय गं. झडपाच त्या. दिसत न्हाईत एवढंच."

त्यातली 'मी तयार आहे' ही तार महत्त्वाची होती. मशीननं ती जिवंत ठेवली आहे तोवर मोडेम फोन धरून बसणार. ती मेली की मोडेम फोन खाली ठेवणार. समोरच्यानं, म्हणजे पुण्याच्या मशीननं, आपला फोन ठेवला तरी आपला डबा सोडणार नाही. तो फक्त आपल्या तारेकडे बघतो, तसाच तो लावलेला होता. हे ऐकून ऑफिसातल्या पोरांनी मोडेमचं नावच ठेवलं, धाकटा सोमलिंग.

अडचण पहिल्याच दिवशी आली. आकडे पाठवायचं काम दोन प्रोग्राम मिळून करत. पहिला नंबर फिरवून पुण्याला गाठे आणि आपलं काम संपलं म्हणून पोर्ट, म्हणजे मशीनचं त्या केबलकडचं दार, बंद करे. दुसरा पोर्ट उघडून आकडे सोडे. पण युनिक्सची रीत अशी की पोर्ट शेवटच्या प्रोग्रामनं बंद केला की ती तयार असल्याची तार आपोआप खाली पडते. पहिला प्रोग्राम बाहेर पडला की मोडेम फोन ठेवी, आणि दुसरा येईपर्यंत पलीकडे कुणीच नसे. नंबर लागे, शिट्टी येई, खट्. पुन्हा नंबर, पुन्हा शिट्टी, पुन्हा खट्. काका ते बघत उभे राहत. नानासाहेब म्हणाले, "हा तुझ्या उलट निघाला की रे. हा तर कुणाचं ऐकूनच घेत नाही."

काकांनी हसून मान हलवली, पण काकूंना वाटतं त्यांना ते लागलं होतं.

याच सुमारास महांतप्पा कारखान्यावर आला. महांतप्पा शांताक्काच्या गावचा, भुसार मालाचा दुकानदार. मळीच्या कामासाठी ट्रकबरोबर आलेला. बोर्डाच्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, "आमच्या दुकानाला फोन आलाय बरं का, सोमलिंगप्पा. थेट नंबर फिरवायचा. गावातला पहिला." आणि मग आवाज उतरवून, "तुमच्या अक्काचा निरोप हाय. पोरीचं लगीन काढलंय. मामा लागतोय. त्याच्याआधी ते जुनं काय हाय ते फोनवर सांगून टाकते म्हणाली. येत्या रविवारी, दुपारच्याला. मी करीन, त्यानं उचलायचा, बास. त्यानं करायचा न्हाय म्हणाली."

काका उठून उभे राहिले. शारदाकाकू सांगतात, त्या संध्याकाळी ते घरी आले आणि नुसतेच अंगणात फेऱ्या मारत राहिले. काकूंनी विचारलं, "काय म्हणाली असंल हो अव्वा?" ते म्हणाले, "काय का असंना. शिवी दिली असंल तरी चालंल."

रविवारी ऑफिसला सुट्टी. बोर्ड बंद, बाहेरची लाइन मोडेमबरोबर गेटवरच्या फोनलाही जोडून ठेवलेली असे. पण त्या रविवारी सकाळी पुण्याला आठवडाभर अडकलेले आकडे जायचेच होते. दुष्काळाचं काम, चुकवून चालणार नव्हतं. काकांनी ठरवलं, सकाळी लवकर काम उरकायचं म्हणजे दुपारी लाइन अक्कासाठी मोकळी.

शनिवारी त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. ते बोलणं काकूंना त्यांनी इतक्यांदा सांगितलं की त्यांनाही पाठ झालं आहे.

"तुम्ही असं करा," इंजिनिअर म्हणाला. खरखर खूप होती. "एसटीटीवाय ही कमांड. त्यात हपसीएल असं एक लिहायचं असतं. त्याचा अर्थ, बंद करताना फोन खाली ठेव. त्याच्या आधी वजाचं चिन्ह द्या, म्हणजे ठेवणार नाही. कळलं? मधे तुटणार नाही मग."

"कळलं साहेब. आधी वजा."

"हां. आणि सगळं पाठवून झालं की शेवटी लाइन ठेवायची, बरं का. विसरू नका."

"लाइन ठेवायची."

"ठेवायचीच. अगदी नक्की."

"ठेवतो साहेब. त्यात काय, जन्म गेला त्यात."

इंजिनिअर पुण्याचा. त्याच्या घरी फोन ठेवणं म्हणजे रिसीव्हर खाली ठेवणं, आणि लाइन ठेवणं म्हणजेही तेच. काका बोर्डावरचे. त्यांनी कागदावर काही लिहून घेतलं नाही, लिहायची गरजच वाटली नाही. हा पोरगा मोठा शहाणा, त्यांना वाटलं, मशीनलाही सांगतोय की काम झालं म्हणून लगेच तोडू नको, धरून राहा.

रविवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, विभूती लावली, पांढरा सदरा घातला. काकूंनी थट्टा केली, "फोनवर दिसतंय व्हय?" ते लाजले. संगणकाच्या खोलीत जाऊन त्यांनी वजाचं चिन्ह घालून कमांड दिली. पहिला प्रोग्राम गेला, दुसरा आला, मधे तार पडली नाही. आकडे सुखरूप पुण्याला पोचले. पहिल्यांदाच. काकांनी दिव्यांकडे पाहिलं. एक लाल दिवा जळत होता. लाइन ठेवलेली आहे, त्यांनी समाधानानं म्हटलं, पडदा ओढला, कुलूप लावलं, आणि गेटवर येऊन बसले.

गेटवरचा रखवालदार ज्ञानोबा. त्यानं आपलं स्टूल त्यांना दिलं. फोन खिडकीच्या फळीवर, काळा, जड. दुपार झाली. रस्त्यानं पाण्याचे टँकर जात होते, मागून सांडणाऱ्या पाण्यापाशी कावळे येत होते. फोन वाजला नाही.

"उचलून बघा की," ज्ञानोबा म्हणाला. "बंद-बिंद पडला असंल."

"नको. उचलला की लाइन एंगेज व्हतीया. नेमकी त्याच येळेला तिनं फिरवला तर?"

"एका क्षणानं काय व्हतंय?"

"एका क्षणानंच झालं व्हतं रे," काका म्हणाले. ज्ञानोबाला त्याचा अर्थ कळला नाही. त्यानं तंबाखू मळायला घेतली.

त्यांनी रिसीव्हरला हात लावला नाही. लावला असता तर नेहमीचा टोन येत नाही हे कळलं असतं, आणि मग धावत जाऊन कुलूप काढायला दोन मिनिटं लागली असती. पण लाइन मोकळी राहावी म्हणून ते हात मांडीवर ठेवून बसले. एकदा त्यांनी ज्ञानोबालाही रागानं मागे ओढलं, तो फोनवरची धूळ फडक्यानं पुसत होता. ऊन खिडकीतून आत आलं, फळीवरून सरकत भिंतीवर चढलं. काकूंनी डबा पाठवला, तो तसाच राहिला. दिवेलागणीला ते उठले. ज्ञानोबा सांगतो, जाताना त्यांनी फोनकडे असं पाहिलं, जसं घरातल्या रुसलेल्या माणसाकडे पाहतात.

"अक्कानं मन बदललं," त्यांनी घरी सांगितलं. "तिचा हक्क हाय तो."

सोमवारी बोर्ड उघडला आणि बाहेरच्या लाइनला पिन लावली तर मेल्यासारखी शांतता. ते संगणकाच्या खोलीत गेले. चपला काढायच्या विसरले. पडदा सारला. कालचा लाल दिवा जळतच होता. पुण्याचं मशीन कधीच फोन ठेवून गेलं होतं. हे इकडे एकटंच कालपासून लाइन धरून बसलं होतं.

त्यांनी मोडेमची वायर उपटली. आयुष्यात दुसऱ्यांदा, न विचारता. मग इंजिनिअरला फोन लावला.

"अहो, मी सांगितलं होतं ना, लाइन ठेवायची म्हणून!"

"ठेवलीच व्हती की, साहेब."

"ठेवली होती, तर मग एंगेज कशी राहील?"

"ठेवली म्हणूनच राहिली, साहेब."

"अहो काका, ठेवायची म्हणजे खाली ठेवायची! कट करायची! शेवटी ते वजाचं चिन्ह काढून पुन्हा कमांड द्यायची होती."

 इंजिनिअर हसला, वाईट हेतूनं नव्हे. "असू दे, बिल जरा जास्त येईल, दुसरं काय. बरं, ठेवू?"

"ठेवा साहेब."

मग त्यांनी महांतप्पाच्या दुकानाचा नंबर फिरवला.

"आता कशाला फोन करताय?" महांतप्पा खुशीत होता. "झालं न्हवं काल बोलणं?"

"कुणाचं?"

"तुमचंच की! लई वेळ फोनच लागत नव्हता बघा. एंगेज, एंगेज. म्या धा-बारा डाव फिरवला. अक्का हाटली न्हाय, पोत्यावर बसून ऱ्हायली. मग पुन्हा एकदा फिरवून तिच्या हातात दिला अन् म्या आत ज्वारी मापाय गेलो. तर बोलत व्हती की. बरंच बोलली. डोळं पुसून घरी गेली. म्या म्हटलं, लागला वाटतं."

"काय बोलली?"

"आता बाईमाणूस भावाशी बोलतंय, म्या कान लावून बसू व्हय? आन् कानडीत, हळू." मग त्याचा आवाज बदलला. "का? तुम्ही न्हवता?"

त्याच दिवशी काका बसनं निघाले. उमरग्याहून पुढे हायवे सोडून, हद्द ओलांडून, मग धुळीचा रस्ता. शांताक्का अंगणात लग्नाची डाळ पाखडत होती. त्यांना पाहून तिनं सूप थांबवलं नाही. ते समोर उकिडवे बसले. मशीन, तार, लाल दिवा, वजाचं चिन्ह, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या सुपातली डाळ वरखाली होत राहिली.

"म्हंजी मशीननं फोन ठेवला न्हाय," ती शेवटी म्हणाली. भिंतीशी नव्हे, त्यांच्याशी.

"व्हय अक्का. माझीच चूक. मला वाटलं, ठेवायची म्हंजी धरायची."

"आन् तवा ठेवलास, तवा कुठलं मशीन व्हतं?"

सुपाबाहेर सांडलेले डाळीचे दाणे ते वेचू लागले. मग त्यांनी विचारलं, "काल कुणाशी बोललीस?"

"कुणाशी न्हाय. टुक टुक वाजत व्हतं. मला कळतंय, एंगेज हाय ते. येडी न्हाय म्या." तिनं सूप खाली ठेवलं. "पन किती वर्सं धरून बसू सांग. रोज उठून मनात म्हणायचं, विसरू न्हाय म्हणून. अव्वाचा शबुद, माझा जीव त्याला राखण. काल तिथं बसले, आन् वाटलं, आता न्हाय हुत. त्या टुक टुकलाच सांगितलं समदं. म्या खाली ठेवलं ते."

"मग आता मला सांग की."

"आता न्हाय माझ्यापाशी."

"आठवत तर असंल?"

"आठवण्याचं न्हाय रे ते." ती उठली. "एकदाच बोलायचं व्हतं. बोलून झालं. आता पुन्हा बोलले तर नुसतं सांगितल्यासारखं हुईल."

हे शारदाकाकूंना कधीच पटलं नाही. त्या म्हणतात, बाईचा हट्ट. कधी म्हणतात, विसरलीच असंल, आणि कबूल करायची लाज वाटली असंल.  काकांना मात्र बहुतेक कळलं असावं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं होतं. पोचलं नाही तरी बोलणाऱ्याचं बोलून झालेलं असतं, हे बोर्डावरच्या माणसाला कळायला अवघड नाही. फक्त ऐकणाऱ्याचं ऐकून होत नाही.

तिनं जेवू घातलं. लग्नाला यायचं म्हणून सांगितलं, मामा म्हणून अंतरपाट धरायला. परतीच्या बसला सोडायला ती वेशीपर्यंत आली, हेही पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदाच. बस आली. ती म्हणाली, "जा मग."

काका उभेच राहिले. ती माघारी वळली की चढायचं, असं त्यांच्या मनात. आणि ती उभी, ते चढले की वळायचं म्हणून. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली, "येनू, बर्तीरा इल्ला?" म्हणून कानडीत विचारलं, येताय की नाही. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग अक्काकडे. बस धूळ उडवत गेली.

"गाडी गेली की," अक्का म्हणाली.

"व्हय."

"दुसरी कवा हाय?"

"सांच्याला."

ती जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. मग पदर डोक्यावर ओढून घेत ती गावाकडे चालू लागली, आणि मागे न बघता म्हणाली, "मग चल. भाकर खा."

आत्ताच जेवलो, असं काका म्हणाले नाहीत. ते तिच्यामागे गेले. चुलीपुढं बसून त्यांनी पुन्हा भाकरी खाल्ली, आणि अव्वा काय म्हणत होती हे पुन्हा विचारलं नाही.